दिलेली बंडी

पाउनाने स्वतःची पोमाना स्वतःच घातली, त्या दिवशी घेवड्याच्या रश्शात मीठ कमी पडलं. ही गोष्ट तिला छातीतल्या गाठीपेक्षा जास्त लागली.

होमोल्येच्या डोंगरातल्या त्या गावात मेलेल्या माणसाच्या नावाने जेवण घालतात आणि त्याचे कपडे त्याच्याच वयाच्या कुणाला तरी देतात. ते म्हणजे पोमाना; इथे दिलेलं त्याला परलोकात मिळतं. आपल्यामागे कुणी नीट करील याचा भरवसा नसला, तर माणूस जितेपणीच ती उरकून घेतो. पाउनाचा नवरा कधीच गेलेला. मुलगा ब्रानिस्लाव व्हिएन्नात लोकांच्या भिंती रंगवत होता. कॅन्सर म्हणून बेलग्रेडला गेलेलं गावातलं कुणी चालत परत आलं नव्हतं. पाउना मुलाला फोनवर म्हणाली, "तुला रजा मिळायची कधी, तू यायचा कधी. माझं मीच आटोपते."

तिने अंगणात मेज मांडलं, कोलाच म्हणजे विधीच्या गोल भाकऱ्या भाजल्या, प्रत्येक भाकरीवर मेणबत्ती लावली. घागरा एकीला दिला, रुमाल दुसरीला, तांब्याचं भांडं तिसरीला. सगळ्यांत शेवटी मेंढीच्या कातड्याची बंडी. आत लोकर, बाहेर लाल टाके. ती शेजारच्या दोकियाच्या अंगावर चढवून पाउना म्हणाली, "इथे तुला, तिथे मला." दोकिया तिची लहानपणची मैत्रीण, दोघींनी एकाच कुरणावर मेंढ्या राखलेल्या. बंडी घालून ती पाउनाच्या जागी बसली, पोटभर रडली आणि तीन ताटं जेवली.

मग पाउना मरायला बेलग्रेडला गेली. डॉक्टरांनी डावा स्तन काढला, औषधांनी केस गेले, पण मरण काही आलं नाही. शेजारच्या खाटेवर ल्युबिंका होती. जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेली बाई, दिवसभर शब्दकोडी सोडवायची.

"अगं, डोंगरातली एखादी नदी सांग."

"म्लावा. आमच्या खालूनच जाते."

"बसली बरोबर. घे, तूच लिही."

"मला कुठं येतं? गाव शाळेत गेलं, तेव्हा मी मेंढ्यांमागे गेले."

"मग आता मेंढ्या कुठायत?" ल्युबिंका म्हणाली आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

एका चौकोनात एक अक्षर, असं पाउना लिहायला शिकली. पुढे साध्या कागदावरही तिची अक्षरं तशीच पडायची, एकमेकांपासून लांब, जणू प्रत्येकाला वेगळी खोली दिलेली. निघताना ल्युबिंकाने बजावलं, "रोज लिहायचं. गाडी फिरली नाही की रूळ गंजतात." पुढच्या वर्षी ल्युबिंका गेली. पाउनाने तिच्यासाठी मेणबत्ती लावली आणि त्या दिवशीही लिहिलं.

लिहायला विषय शोधावा लागलाच नाही. घर रिकामं होतं आणि तिचा संसार गावभर हिंडत होता. कुंपणापलीकडून तिचा घागरा जायचा, की तो ज्या हिवाळ्यात विणला तो हिवाळा आठवायचा. दार बर्फाने बंद झालेलं, नवरा खिडकीतून बाहेर पडून लाकडं आणायचा आणि आत येताना मुद्दाम थंडगार हात तिच्या मानेला लावायचा. रुमाल दिसला की जत्रा आठवायची, मधाच्या पोळीचा वास, बँडवाल्याचे फुगलेले गाल. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ती हे सगळं लिहून काढी. गावच्या नर्सने त्यातली काही पानं तालुक्याच्या वाचनालयात नेली, आणि तिथल्या बाईंनी निरोप धाडला: अजून लिहा, पुस्तक करू.

पण त्या हिवाळ्यात थंडी पाउनाच्या डाव्या कुशीतच शिरून बसली. मुलाने पाठवलेला कोट सळसळायचा नुसता, ऊब म्हणून नाही. रात्रंदिवस तिला बंडी दिसू लागली. शेवटी ती दोकियाच्या दारात उभी राहिली.

"दोकिये, बंडी दे."

"कुठली?"

"अंगावरची."

"डोकं फिरलं का तुझं? पोमानाचं कुणी परत घेतं? तिकडे उघडी बसशील."

"तिकडचं तिकडे बघू. इथे गारठलेय मी."

"आणि मी तिथे आले की तुझी आई मला धरील. तिचा हात मला ठाऊक आहे, चेरी चोरल्या तेव्हा बसलाय. मरायचं नव्हतं तर जेवण कशाला घातलंस बाई? मी रडले पण खरं खरं."

"तीन ताटं जेवून रडलीस."

"अळणी होतं, तरी जेवले."

पाउना घरी आली. बोलून जमलं नाही, तर लिहून जमेल असं तिला वाटलं. दोकियाला वाचता येत नव्हतं, पण ऐकून तिचं मन विरघळायला वेळ लागत नसे. दोन दिवस खपून पाउनाने बंडीवर पान लिहिलं आणि दोकियाच्या चुलीजवळ बसून वाचायला घेतलं. "ही बंडी माझ्या आईने दिव्याच्या उजेडात शिवली. एकेका टाक्यात तिने..."

"खोटं," दोकिया म्हणाली.

"काय खोटं?"

"तुझ्या आईला बटण लावता यायचं नाही. शिवली माझ्या आईने. तुझ्या आईने बदल्यात मध दिला. हे बघ." तिने काखेतली शिवण उलटवून दाखवली. गाठी उलट्या बाजूच्या होत्या. "डावरी होती माझी आई. दिवा आपण दोघींनी धरला होता. तुला डुलकी लागली आणि तेल सांडलंस."

पाउनाला तेलाचा वास आठवला. मग एक काळा अंगठा आठवला, डाव्या हाताचा, सुईला टेकलेला. आई म्हणून इतकी वर्षं तिला आठवत होता तो हाच. बंडी मिळवायला आणलेल्या पानानेच तिचा हक्क काढून घेतला होता.

"फाडते हे," ती म्हणाली.

"फाडू नको, नीट कर. आईचं नाव घाल. स्तामेना. कुठेच लिहिलेलं नाही ते आता, क्रूससुद्धा कुजला तिचा."

पाउनाने पेन्सिल काढली. पहिलं अक्षर गारठ्याने वाकडं उमटलं. दोकिया वाकून बघत होती. तिने बंडीचे बंद सोडले आणि ती पाउनाच्या खांद्यांवर टाकली.

"परत देत नाहीये, समजलं? आईचं नाव वाकडं यायला नको म्हणून. लिहिणं-वाचणं संपलं की काढायची."

"काढीन."

त्यानंतर पाउना रोज दुपारी जाऊ लागली. बंडी चढवून लिहायची, मग वाचून दाखवायची. दोकिया चुका काढायची. आणि पाउनाची पानं लांबत गेली. एका कोकराच्या गोष्टीत त्याच्या आईची गोष्ट येऊ लागली, मग त्या कुरणाची, कुरणावरून भांडलेल्या दोन भावांची.

एके दिवशी पान लवकर संपलं. बाहेर बर्फ पडत होतं. पाउनाने पान उलटलं आणि पुढे वाचत राहिली. त्या बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. दोकियाला अक्षर येत नसलं, तरी कोरा कागद कळत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, चुलीत एक लाकूड सारलं आणि स्वतःची शाल घट्ट ओढून घेतली.

"मग?" ती म्हणाली. "धाकट्या भावाने काय केलं?"