एलॉयच्या मक्याची चिचा

एलॉयला जाऊन यंदा पहिलं वर्ष. आमच्याकडे गेलेली माणसं नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला भर दुपारी घरी येतात, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला घरचीच चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, पाजावी लागते. त्यातून हा मका त्यानं स्वतः पेरलेला. कापायला तेवढा तो राहिला नाही. निकानोरा, म्हणजे माझ्या सासूबाई, यांनी तो भिजवला, मोड आणले, वाळवला, दळून आणला. मला दाण्याला हात लावू दिला नाही. नवरा माझाही होता, पण बोलायची सोय नव्हती.

पीठ कालवायच्या दिवशी पाणी उकळून उतरवायचं, आणि कोपराला सोसेल इतकं निवलं की मगच ओतायचं. तरच मोडाचं पीठ गोड होतं आणि पुढे फसफसतं. सासूबाईंनी आयुष्यभर हेच केलं. त्या दिवशी मात्र त्यांनी खळखळता हंडा उचलला आणि सरळ रांजणात उपडा केला.

"आई, अहो, कढत आहे!"

"गप गं. तू जन्मायच्या आधीपासून करतेय मी."

हल्ली त्यांचं असंच चालतं. भाजीत दोनदा मीठ पडतं. मला राग आला. मी शेजारी फोर्तुनाताकडे धावले, निवल्यावर मिसळायला पसाभर तरी मोडाचं पीठ दे म्हणाले.

"अगं, सगळ्या गावाचं कालवून झालं. आता कुठलं पीठ?"

संध्याकाळी सासूबाईंनी भोपळ्याचा तुंबा भरून माझ्यापुढे धरला. "सांग."

नुसतं पिठाचं पाणी. गोडीचा पत्ता नाही.

"गोड झालीय, आई."

"मग पी सगळी."

मी घोट घोट करून तुंबा रिकामा केला. त्या बघत राहिल्या.

"एलॉयपण माझं करपलेलं असंच गिळायचा, लबाड," त्या म्हणाल्या आणि रांजणाला टेकून खाली बसल्या. "वाफ हाताला लागली तेव्हाच कळलं गं मला. पण तोवर ओतून झालं होतं."

"गूळ घालू, आई. फसफसेल."

"फसफसेल. पण ती गोडी दुकानाची. त्याच्या मक्याची कुठून आणू?"

मी गूळ फोडायला बसले.