घरचं रक्त

आमच्या घराला एका गोष्टीचा भारी तोरा होता. आईला तिच्या सख्ख्या मामाला दिलेलं. म्हणजे माझे वडील रेवणप्पा हे नात्याने तिचे मामाच. मलाही आईच्या धाकट्या भावाला, भीमाशंकरमामाला द्यायचं, हे मी पाळण्यात असतानाच ठरलेलं. "आमच्यात बाहेरचं रक्त न्हाई," असं आई सांगायची, जणू दारात हत्ती झुलतोय.

माझा धाकटा भाऊ गुरुपाद वर्षाचा झाल्यापासून पिवळा पडत गेला. हातपाय काड्या, पोट मात्र नगारा. आमच्या सेलूत हिवताप घरोघर, म्हणून जो तो म्हणे, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली. लोखंड तापवून ताकात विझवायचं आणि ते ताक त्याला पाजायचं, असं वर्षभर चाललं. ताप नसताना हिवतापाचं कोयनेल दिलं. शेवटी गावठी औषधं देणाऱ्या बायनाबाईने पोटावर तापल्या विळ्याचे डाग दिले. त्या बाईचा मला अजून राग येतो, पण तिला बोलावलं होतं आम्हीच.

मग मामाने त्याला खांद्यावर घेतलं आणि आम्ही रेल्वेने परभणीला, सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक. रक्त काचेवर घेऊन तपासलं, आजवर काय काय पाजलं तेही विचारून घेतलं.

"हिवताप नाही हा. मियाँबीवीत काही नातं आहे?"

आई पदर सावरून ताठ बसली. "हाय तर! घरचंच रक्त हाय, साहेब. नवरा माझा सख्खा मामा."

डॉक्टरांनी काच बाजूला ठेवली. "असल्या मुलांबद्दल मी फक्त पुस्तकात वाचलं आहे. आईबापाच्या रक्तात थोडा थोडा दोष असतो, त्यांना त्याचा त्रास नाही. दोन्ही दोष एका मुलात आले की त्याचं रक्त टिकत नाही. नात्यात लग्नं झाली की हे जास्त होतं. ते ताक बंद करा. दुसऱ्याचं रक्त चढवलं तर पोर तरेल, पण पुन्हा पुन्हा चढवावं लागेल. तेही हैदराबादेत."

एकदा नेलं. त्या परक्या रक्तावर गुरुपाद महिनाभर अंगणात हुंदडला. त्याचे गुलाबी ओठ आई नुसती बघत बसायची. पुढे रझाकारांची धामधूम सुरू झाली, हैदराबादची वाट बंद झाली. तो पुन्हा पिवळा पडला आणि गेला.

निजामाचं राज्य गेलं त्या दिवाळीला मामा माझ्यासाठी लुगडं घेऊन आला. आईने ते उलगडलंसुद्धा नाही.

"भीमा, गौराला बाहेर द्यायलोय आमी."

"माझं काय चुकलं, अक्का?"

"तुझं काईच न्हाई चुकलं, बाबा. माझंच रक्त हाय तुझ्यात."

मामा पाणीही न पिता उठला. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू? आईशी मी कितीतरी दिवस धड बोलले नाही. मला ताडकळसला दिलं. त्यानंतर पंचमीला आईला माहेराहून कुणी न्यायला आलं नाही. ती उंबऱ्यात बसायची आणि डोळ्यांत काही गेलं म्हणायची.

मला मुलगा झाला. आई जेव्हा यायची तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आधी त्याची पापणी ओढून बघायची. पोर रडायचं, सासू चिडायची. तो तीन वर्षांचा झाला तेव्हा तिने दोन्ही डोळे पाहिले, पोट चाचपलं आणि त्याला मांडीवर घेतलं.

"लाल हाय," ती म्हणाली. "भीमाला सांगाय पायजे."

आणि रडायला लागली.