सात डोळ्यांचं कोकरू

शनिवारी सकाळी सगळी चर्चमधून परतली. रात्रभर वाचन झालं होतं. ईस्टरच्या आधीच्या त्या एका रात्री बायबलचं शेवटचं पुस्तक, योहानाचं दर्शन, पहिल्या पानापासून अखेरपर्यंत मोठ्याने वाचतात. पेंगुळलेल्या तान्ह्या बेबनूदाला पाळण्यात टाकून इरीनी जरा टेकते न टेकते, तोच मोरीतून खसाखसा घासल्याचा आवाज आला.

तिची थोरली लेक वेरेना टाचा घासायच्या दगडाने मनगट घासत होती. उजव्या मनगटावर आतल्या बाजूला गोंदलेला तिचा छोटासा निळा क्रूस. त्याच्याभोवतीची कातडी सोलवटून लाल झाली होती.

"अगं! काय करतेस हे?"

"काढतेय."

"काय काढतेस?"

"श्वापदाची खूण." वेरेनाने मान वर केली नाही. "वाचलं ना रात्री. समुद्रातून श्वापद येतं आणि सगळ्यांच्या उजव्या हातावर खूण करतं. ज्याच्या हातावर ती खूण, तो आगीत. तुझ्याही हातावर आहे. तेताच्याही आहे."

इरीनीने दगड हिसकावून घेतला. "वेडी कुठली. हा क्रूस आहे, राणी. आपला."

"पण उजव्या हातावरच का मग?"

इरीनीने आपलं मनगट उलटून पाहिलं. तिच्याही मनगटावर तो होताच, जन्माचा सोबती. आजवर त्याच्याकडे बघून असा प्रश्न कधी पडला नव्हता. रात्री श्वापदाच्या पानापर्यंत यायच्या आतच बेबनूदा भोकाड पसरून उठला होता आणि ती त्याला घेऊन अंगणात गेली होती, ती थेट उजाडल्यावरच आत आली. दरवर्षीची तीच तऱ्हा. आधी वेरेना तान्ही, आता हा. ते पुस्तक तिने धड ऐकलंच नव्हतं कधी. आणि जेवढं ऐकलं, तेवढ्याची भीतीच बसली होती.

"आणि सोमवारी बाळाला गोंदवायचं नाही," वेरेना म्हणाली. "मी लपवून ठेवीन त्याला. कबुतरांच्या खुराड्यात."

सोमवारी सण झाल्यावर मारी गिर्गिसच्या चर्चच्या आवारात गोंदणारा बसणार होता आणि बेबनूदाचा क्रूस तिथेच करायचा, असं तेता बल्समने तो पोटात असतानाच बोलून ठेवलं होतं. तेता म्हणजे इरीनीची सासू. काहक, म्हणजे सणाची तुपाळ बिस्किटं, वळायला परात घेऊन बसलेल्या तेताने हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं.

"कुणी सांगितलं होतं पोरीला रात्रभर बसवायला?"

"तुम्हीच म्हणालात, तेता. म्हणालात, मोठी झाली आता."

"म्हणाले असेन. जा, अबूनांना विचारून ये." अबूना म्हणजे त्यांच्या चर्चचे पाद्री.

"सणाच्या आदल्या दिवशी? अबूना दोन घोट पाण्यालाही मोकळे नसतील आज." इरीनीने फडताळातून बायबल काढलं. "मीच वाचते."

तेताचे हात पिठातच थांबले. "ते पुस्तक? घरात? ते वर्षातून एकदा, सात दिव्यांसमोर, अबूनांनी वाचायचं असतं. बघ हो, आमची सून अबूना व्हायला निघाली. दाढी कधी वाढवतेस?"

"उगवली की सांगते."

इरीनी परातीशेजारी भिंतीला टेकून बसली. तेवढ्यात बेबनूदा उठलाच. त्याला पदराखाली घेतलं आणि एका हाताने पानं उलटू लागली. तिचा वाचायचा वेळ हा असाच, कुणाच्या तरी तोंडात घास असेपर्यंतचा. वेरेना दारातच उभी राहिली, हात पाठीमागे लपवून.

"एक म्हातारा सांगतो, रडू नकोस, सिंह जिंकला," इरीनी वाचत वाचत आपल्या शब्दांत सांगू लागली. "आणि योहान वळून बघतो, तर..."

"सिंह."

"कोकरू."

"चल!"

"खरंच. कापल्याची खूण असलेलं, तरीही उभं. सात शिंगं आणि सात डोळे."

वेरेना एक पाऊल आत आली. "कुठे?"

"काय कुठे?"

"सात डोळे कुठे असतील?"

"तूच बघ करून." इरीनीने काहकच्या पिठाचा गोळा तिच्यापुढे सरकवला.

ईस्टरपर्यंतच्या उपासाला तूप चालत नसल्यामुळे ते पीठ जिभेला लावायची सोय नव्हती, पण हाताला नव्हती बंदी. वेरेनाने कोकरू वळलं. तीळ दाबून डोळे केले. दोन तोंडावर, दोन पाठीवर, उरलेले कुठे ठेवावेत ते कळेना, तेव्हा शेपटीवर. शिंगं लावली की गळून पडत. एक लावावं तर दुसरं पडे.

तेताने वाकून पाहिलं. "हे कोकरू? मला वाटलं, साळिंदर भट्टीत पडलं."

वेरेनाला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"नाही जमत," ती म्हणाली. "असं कोकरू नसतंच."

"नसतंच," इरीनी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाच काहीतरी उमगत गेलं. "तुझे बाबा कुवेतहून फोनवर म्हणतात ना, वेरेना माझं काळीज. मग तू काय त्यांच्या बरगड्यांत बसली आहेस? डोळे म्हणजे त्याला सगळीकडचं दिसतं. शिंगं म्हणजे त्याचं बळ. योहानाला कोकराचं चित्र काढायचं नव्हतं गं. कोकरू म्हणजे आपला प्रभू, तो कसा आहे, ते सांगायचं होतं."

"आणि श्वापद?"

"तेही तसंच. कुणीतरी माजलेला, जो म्हणतो, माझ्या पाया पडा, नाहीतर बाजारात काही विकू देणार नाही, घेऊ देणार नाही."

"आणि खूण?"

इरीनी पानं मागे उलटू लागली. बेबनूदाने चोखणं सोडून आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"वेरेना, ये इकडे. श्वापद येण्याच्या कितीतरी आधी एक देवदूत येतो. त्याच्या हातात शिक्का आहे. आणि जमिनीची, झाडांची नासधूस करायला जे निघालेत, त्यांना तो म्हणतो, थांबा. आधी आमच्या माणसांच्या कपाळांवर शिक्का मारू द्या."

"हे कधी वाचलं? मी नाही ऐकलं."

"तू माझ्या मांडीवर घोरत होतीस."

"आणि मी उठले तेव्हा..."

"श्वापद. नेमकं तेवढंच." इरीनीने पान पुढे उलटलं. "आणि हे बघ, श्वापदाच्या लगेच पुढे. डोंगरावर कोकरू उभं आहे, सोबत त्याची माणसं. त्यांच्याही कपाळावर नाव आहे. खूण दोघांचीही असते, राणी. बकरीला कसाई लाल रंग फासतो, आणि तेता निळा मणी बांधते. खूण म्हणजे, तू कुणाची."

वेरेना विचारात पडली. "तेताचा मणी असलेली बकरी कसाई नेत नाही?"

"नेऊन तर दाखव म्हणावं," तेता म्हणाली.

तरी वेरेनाचा चेहरा उतरलेलाच. ती परातीच्या काठाला चिकटलेलं पीठ नखाने खरवडत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "पण मी शेवटी खांबामागे लपले. अबूना सात दिव्यांतलं तेल सगळ्यांच्या कपाळाला लावत होते. मला वाटलं, ते... ते पण तेच. मला नाही लागलं तेल."

इरीनीला तरी कुठे लागलं होतं?

तेताने तुपाळ हात ओढणीला पुसले आणि ओढणीची गाठ सोडू लागली. गाठीत कापसाचा बोळा होता, तेलाने पिवळा पडलेला.

"तुझ्या आईसाठी आणला होता," ती म्हणाली. "दरवर्षी बाहेर पोर जोजवत बसते बिचारी. आणि घरी आले, तर तुमचा हा गोंधळ. ये इकडे, खांबामागची."

तेताच्या हातावरचा क्रूस आता हिरवट, पसरलेला, सुरकुत्यांत हरवलेला. तोच हात वेरेनाच्या कपाळावर टेकला. मग सोललेल्या मनगटावरही तिने तो बोळा अलगद फिरवला. चरचरलं तशी वेरेना "आई गं" म्हणाली, पण हात मागे घेतला नाही. उरलेलं तेल इरीनीच्या कपाळाला लागलं. बाळाच्या डोक्याचा वास आणि तेलाचा वास एकमेकांत मिसळला.

साळिंदरासारखं ते कोकरू वेरेनाने मोडू दिलं नाही. भट्टीतून निघालं तेव्हा त्याला एकच शिंग उरलं होतं.

सोमवारी मारी गिर्गिसच्या आवारात ही गर्दी! गोंदणाऱ्या अम्मू ईदने सुईचं यंत्र घरघरवून पाहिलं आणि विचारलं, "हात कोण धरणार? आईने धरला की पोर जास्त रडतं."

"मी धरते," वेरेना म्हणाली.

अम्मू ईदचं लक्ष तिच्या मनगटावरच्या खपलीकडे गेलं. "तुझ्या क्रूसाला काय झालं गं? पुसट झालाय. ठळक करून देऊ?"

वेरेनाने आईकडे पाहिलं. इरीनी बाळाची बाही वर सारत होती.

"खपली पडल्यावर," वेरेना म्हणाली. "आधी ह्याचा करा."

सुई टेकली आणि बेबनूदाने असं भोकाड पसरलं की शेजारचा फुगेवालाही वळून बघू लागला. वेरेनाने त्याची इवलीशी मूठ घट्ट धरली आणि त्याच्या मनगटावर फुंकर घालत राहिली.

"झालं, झालं," ती त्याच्या कानाशी सांगत होती. "ती नाही रे ही. ही दुसरी. आपली आहे ही. रडूबाई, शेपटीवर पण डोळे आहेत कोकराला, बघतंय ते तुला."