अर्ध्या विटेची भिंत

२०२३च्या फेब्रुवारीत, ठाण्यात कोपरीतल्या घराचं काम सुरू व्हायच्या आदल्या दुपारी, सुहासिनीने रिकाम्या घरात उभं राहून मधल्या भिंतीला हळद-कुंकू लावलं. चार अक्षता वाहिल्या आणि पदर सावरून नमस्कार केला. तिच्या माहेरी, देवरुखाजवळ, आई असंच करायची. जुनी चूल मोडायची असो की वठलेला आंबा तोडायचा असो, जे जाणार त्याला आदल्या दिवशी कुंकू लावायचं, चुकलंमाकलं माफ कर म्हणायचं. मग हत्यार चालवायचं.

"झालं का तुझं?" बाळ बाहेरच्या खोलीतून म्हणाले. आईवडिलांनी ठेवलेलं बाळ हे नाव ऐंशीच्या घरात आले तरी त्यांना सुटलं नव्हतं.

"झालं. या इकडे."

ते भिंतीवरून तळहात सरकवत आले. भिंत संपली तिथे थांबले, अर्धं वळले आणि बरोबर स्वयंपाकघराच्या दारातून आत आले. हीच भिंत बाहेरच्या दारापासून मोरीपर्यंत त्यांना घेऊन जायची. काचबिंदूने डोळे जवळजवळ गेले होते. उजेड आणि माणसाचा आकार तेवढा उरला होता, आणि हे फक्त सुहासिनीला ठाऊक होतं. मुलगा आला की बाळ टीव्हीसमोर बसून मॅच बघायचे. समालोचन ऐकून असे चुकचुकायचे की शंका यायची कुणाची बिशाद नव्हती.

"सौमित्रला सांगू नकोस," एवढंच ते म्हणाले होते. "कळलं की तो आपल्याला मानपाड्याला नेणार. तिथून मग परत येणं नाही."

मानपाड्याला सौमित्रचं सातव्या मजल्यावर छान घर होतं. सून वल्लरी मनाने चांगली होती. पण तिथल्या बाल्कनीच्या काचेच्या दारावर बाळ दोनदा आपटले होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी चष्म्याला दोष दिला होता. कोपरीत त्यांना काही बघावं लागत नव्हतं. सुहासिनी लग्न होऊन आली तेव्हा गॅलरीतून मिठागरं दिसायची आणि खाडीचा वारा थेट घरात यायचा. आता समोर इमारतीच इमारती, पण घराच्या आत सगळं जिथल्या तिथे होतं.

मोरीतून खालच्या घरात पाणी गळायला लागलं, तिथून हे काम निघालं. मोरी करायचीच तर फरशी, फरशी करायची तर ओटा, असं वाढत गेलं.

"आई, ती मधली भिंतही काढू या," वल्लरी म्हणाली होती. "अर्ध्या विटेची तर आहे. ओपन किचन झालं की घर दुप्पट वाटेल बघा."

नको म्हणावं तर वल्लरीने कारण विचारलं असतं, आणि कारण सांगायची सोय नव्हती. सुहासिनीने मान डोलावली. बाळांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

काम दौलत मिस्त्रीला दिलं होतं. दौलत बार्शीकडचा, ठाण्यात बरीच वर्षं काढलेला. सौमित्रने त्याला घर दाखवून काय काय काढायचं ते सांगितलं आणि आईबाबांना मानपाड्याला आणलं. त्याचं ऑफिस ऐरोलीला. कोपरीला फेरी मारायला वेळ मिळेना, म्हणून रोज फोन.

"काय दौलत, काम कसं चाललंय?"

"एकदम ओके, साहेब."

"सांगितलंय तसंच ना?"

"घरच्यांच्या मनासारखं. तुम्ही निवांत राहा."

फोटो यायचे. नळाचे, फरशीचे, ओट्याच्या काळ्या दगडाचे. सगळे इतक्या जवळून काढलेले, की घर कुठे आहे तेच दिसायचं नाही. वल्लरी ते मोठे करून सासूला दाखवायची. सुहासिनी छान म्हणायची आणि बाळांकडे बघायची. मानपाड्यात ते दिवसभर एका खुर्चीत बसायला लागले होते. पाण्यालासुद्धा उठत नव्हते. कोपरीचं घरही असंच उघडंबोडकं झालं, की तिथेही अशीच एक खुर्ची येणार हे तिला दिसत होतं.

मार्चमधल्या एका रविवारी चौघं घर बघायला गेले. जिन्यात सुहासिनीने बाळांचा हात धरला. म्हातारी माणसं हात धरतात, त्यात कुणाला काही वाटलं नाही. दौलत खांद्यावरच्या टॉवेलने हात पुसत दारात आला.

वल्लरी आधी आत शिरली आणि थांबली.

"ही भिंत इथे काय करतेय?"

भिंत उभी होती. पुट्टी मारून गुळगुळीत केलेली. फक्त कुंकवाभोवती वीतभर चौकोन जुन्याच रंगात ठेवलेला होता, आणि खाली कुणीतरी झेंडूचं फूल वाहिलेलं होतं.

"दौलत," सौमित्र म्हणाला, "भिंत काढायची म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं की. म्या कुठं नाही म्हणतोय?"

"मग?"

"घण उचलला न् बघतो तर आईंनी कुंकू लावलेलं. अक्षता वाहिलेल्या. आमच्याकडं असं ठिकाण म्हणजे देवाचं. घरातल्या बाईमाणसानं देव मांडला म्हणजे घरात ठरलंच असणार. मग तुम्हाला कशाला इचारायचं?"

"रोज फोन करत होतो मी तुला."

"काम कसं चाललंय म्हणून करत होता. बरंच चाललं होतं."

वल्लरीने हसू दाबलं, पण ते फार टिकलं नाही. "आई, तिथे खरंच काही देवाचं आहे का? नसेल तर दौलत एका दिवसात काढेल. हो ना, दौलत?"

"आईंनी स्वतःच्या तोंडानं सांगावं. मग काढतो. पण फूल आधी त्यांनी उचलायचं."

सगळे सुहासिनीकडे बघायला लागले. कुंकू निरोपाचं होतं, हे एक वाक्य बोललं की भिंत गेली. नाही बोललं तर देवाच्या नावाने खोटं. उभ्या जन्मात तिने देवाला असल्या कामाला जुंपलं नव्हतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

तेवढ्यात बाळ पुढे झाले. बाहेरच्या दारापाशी त्यांचा तळहात भिंतीला लागला आणि खांदे खाली आले, ओझं उतरवावं तसे. ते चालू लागले. वाटेत प्लास्टरचं रिकामं पोतं पडलं होतं, अगदी डोळ्यांसमोर. त्यात पाय अडकला, त्यांनी खाली बघितलंही नाही, भिंतीला हात तसाच ठेवून पोतं पायाने बाजूला केलं. भिंत संपली तिथे अर्धं वळले आणि आत गेले. आतून नवा नळ सोडल्याचा आवाज आला.

"पाण्याला धार चांगली आहे गं," ते म्हणाले.

सुहासिनीने सौमित्रकडे पाहिलं. तो पोत्याकडे बघत होता. मग त्याने भिंतीकडे पाहिलं, तिच्यावर जिथून वडिलांचा हात गेला होता तिथे. खाली वाकून त्याने पोतं उचललं, घडी घातली आणि दाराबाहेर ठेवून आला.

"आई, तू काही बोलू नकोस," तो म्हणाला. "दौलत, भिंत राहू दे. देवाचीच आहे ती."

"बघा. म्या म्हणलं नव्हतं?" दौलत म्हणाला.

"सौमित्र, अरे पण ओपन किचन..." वल्लरीने सुरुवात केली.

"आपल्याकडे करू. मानपाड्याला."

सुहासिनी आत जाऊन नव्या ओट्यावर हात टेकून उभी राहिली. किती दिवसांनी छातीभर श्वास आत जात होता. बाळ नळ बंद करून चालू करत होते, लहान मुलासारखे.

त्यानंतरच्या आठवड्यात सौमित्र म्हणाला, माझा चष्म्याचा नंबर वाढलाय, डॉक्टरकडे जायचंय, बाबा सोबतीला येता का. बाळ गेले. जे गेलं ते परत येण्यासारखं नव्हतं, पण उरलेली नजर डोळ्यांत घालायच्या थेंबांवर टिकली आहे. मानपाड्याला नेण्याची गोष्ट कुणी काढली नाही. सोसायटीला सांगून सौमित्रने जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेतला.

वल्लरीने आपल्या घरी ओपन किचन केलं आणि फोडणीचा वास सोफ्याला लागतो म्हणून आता तिथे सरकतं दार शोधते आहे. दौलत गावी घर बांधतोय. मध्यंतरी स्लॅब टाकून झाला म्हणून त्याने फोटो पाठवला, इतक्या जवळून काढलेला, की नुसतं सिमेंट दिसत होतं.

सौमित्र रविवारी कोपरीला येतो आणि पेपर मोठ्याने वाचतो. वाचून दाखवतो असं म्हणत नाही. बाळ अग्रलेखाशी भांडतात. सुहासिनी जेवणं आटोपली की चेंदणीला आसावरी या मैत्रिणीकडे जाते, आणि दिवेलागणीपर्यंत घरी फोनसुद्धा करत नाही.