ओच्यामे न्सियाचं न पोचलेलं बोलणं

नाना कुणाशी थेट बोलत नाहीत, आणि कुणी नानांशी थेट बोलत नाही. नाना म्हणजे आसुआनोचे राजे. मध्ये ओच्यामे असतो. लोकांचं कडू बोलणं साखरेत घोळून नानांच्या कानावर घालायचं आणि नानांचं दोन शब्दांचं उत्तर खुलवून लोकांना द्यायचं, हे त्याचं काम. आसुआनोत हे काम न्सिया करत होता. त्याच्यासारखी जीभ त्या मुलखात दुसऱ्या कुणाला नव्हती. ते त्याला ठाऊकही होतं, जरा जास्तच.

त्या सकाळी राजवाड्याच्या अंगणात मोबाइलच्या गिऱ्हाइकांची सभा भरली होती. सरकारी खात्यानं बोलावलेली. राजधानी आक्राहून मोबाइल कंपनीचे लार्तेय नावाचे साहेब आले होते आणि येताना त्यांनी खोकी भरभरून जांभळ्या टोप्या आणल्या होत्या. फुकटची टोपी कोण सोडतं? लोकांनी त्या डोक्यावर चढवल्या आणि त्यांच्याच सावलीत बसून कंपनीचा उद्धार सुरू केला.

न्सिया नानांच्या शेजारी सोन्याच्या मुठीची काठी घेऊन उभा होता. ती काठी हातात असेपर्यंत ओच्यामेला स्वतःचं असं काही बोलायचं नसतं. पण आज त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आदल्या दिवशी कोनफळांच्या लॉरीवाल्यानं बातमी आणली होती, की त्याची लेक सेर्वा येत्या शनिवारी तिकडे उत्तरेत, कचेरीत सही करून लग्न करतेय. माहेरचं कुणीही नाही.

सेर्वा तिकडच्या एका आडगावच्या दवाखान्यात नर्स होती. मुलगा तिथलाच मास्तर, अल्हसान. जमात वेगळी, धर्म वेगळा. काही महिन्यांपूर्वी, कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत तिनं बापाला फोन करून विचारलं होतं, आणि बाप बोलत असताना मध्येच फोन ठेवून दिला होता. ज्याच्यापुढे भले भले सरदार तोंड मिटून बसतात, त्याला पोटच्या पोरीनं अर्ध्यावर तोडलं! मग त्यानं फोन केला नाही आणि तिनंही केला नाही. शनिवारी आपण तिथे नसणार, हे त्याला आतून कुरतडत होतं. पण आपण होऊन कसं जायचं? मानपान आडवा येत होता.

सगळ्यांत आधी एक शिंपी उठला. "मी फोनवर गाणं मागितलं नाही, तरी गाण्याचे पैसे कापतात. चोर आहेत चोर, दिवसाढवळ्या लुटतात!"

न्सिया नानांकडे वळला. "नाना, हा म्हणतो, पाहुण्यांचा हात वाट चुकून त्याच्या खिशात शिरतो. त्यांना कुणीतरी वाट दाखवावी."

अंगण खदखदून हसलं. लार्तेय साहेबही हसले, आणि मग आपण हसायला नको होतं हे त्यांच्या लक्षात आलं.

मग मामे आफ्रा उठली. बाजारात टोमॅटो विकणारी. तिचा आवाज असा, की हिला फोन लागतोच कशाला, असं लोक म्हणत.

"हसा तुम्ही," ती म्हणाली. "माझी बहीण दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. आईच्या अंत्यविधीला कोणतं कापड घ्यायचं यावरून आमची फोनवर जुंपली होती, आणि ऐन भांडणात लाइन तुटली. तिला वाटलं मी फोन आपटला. मला वाटलं तिनं आपटला. माझ्याकडे रेंज पुरी होती हो! पण तिच्याकडची गेली असेल, हे मला कुठं कळतंय? मी आपली भिंतीशी भांडत बसले. साहेब, पैसे कापा, काय कापायचं ते कापा. पण माणसं कापू नका."

कुणीच हसलं नाही. न्सिया वळला. "नाना, ही म्हणते..."

आणि तो थांबला. ओच्यामे कधी थांबत नसतो. लोक माना उंच करून बघायला लागले.

सेर्वाशी आपण काय बोललो होतो, ते त्याला शब्दन् शब्द आठवलं. आधी जड दगड ठेवायचा आणि मग त्यावर फुलं वाहायची, ही त्याची भाषणाची रीत. लेकीशी बोलतानाही सुटली नव्हती. 'आपल्या घरात असं कधी झालं नाही. तुझ्या आजोबांना हे सोसलं नसतं. राजाचा ओच्यामे मी, मला लोक काय म्हणतील?' हा झाला दगड. मग 'पण' म्हणून, डोळे मिटून तो रंगात आला होता. तुझं सुख ते माझं सुख, त्या मुलाच्या माणसांना घेऊन ये, मी दारात उभा राहीन. डोळे उघडले तेव्हा फोन मुका झालेला. टॉवर राजवाड्याच्या मागेच, तेव्हा लाइन जाणं ही रानातल्या लोकांची रड, असंच तो समजत आला होता. आणि त्याची लेक रानातच तर राहत होती!

दगड तेवढा पोचला होता. फुलं इकडेच सांडली होती. इतके महिने पोर तो दगड उराशी घेऊन बसली होती.

न्सियानं काठी नानांच्या पायाशी ठेवली. म्हाताऱ्यांच्या तोंडून 'अगं आई' निघालं.

"नाना, हे माझं बोलणं आहे," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. ना साखर, ना फुलं. सांगताना दोनदा अडखळला.

नानांच्या बाजूनं बोलायला आता कुणी उरलंच नव्हतं. ते सगळ्यांदेखत, स्वतःच्या तोंडानं म्हणाले, "फोन लाव, न्सिया."

न्सियाचं बोट दोनदा भलत्याच नावावर पडलं. शेवटी आफ्रानं फोन हातातून घेतला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि त्याच्या तोंडापुढे धरला. लार्तेय साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. घंटा वाजत राहिली. मग पलीकडून हलकेच "हॅलो?" आलं.

"सेर्वा, मी. लाइन जाईल, म्हणून आधी हेच सांगतो. हो. माझं हो आहे. तेव्हाही होतं. मी फोन ठेवला नव्हता गं, लाइन तुटली होती. अल्हसानच्या माणसांना घेऊन ये. मी दारात उभा आहे."

पलीकडे काहीच नाही.

"हॅलो? सेर्वा? हॅलो?"

"गेली! गेली बघा लाइन!" शिंपी ओरडला. अंगण उसळलं. जांभळ्या टोप्या भिरभिरत साहेबांच्या अंगावर यायला लागल्या. "धरा त्याला! आजच्या दिवशी तरी नीट चालवायची होतीस रे!" साहेब खुर्चीतून उठून "थांबा, थांबा, मी बघतो" म्हणत होते. न्सिया मात्र फोनकडे बघत तसाच उभा होता, आणि तो एकदम म्हातारा दिसायला लागला.

"गप्प बसा सगळे!" आफ्रा गरजली, तशी कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

फोनमधून हुंदका आला. मग दुसरा. लाइन गेली नव्हती.

"पापा," सेर्वा म्हणाली, "मी आहे इथेच. बोलता येत नाहीये मला. तुम्ही ठेवू नका हं."

"नाही ठेवत गं," न्सिया म्हणाला.