फाटकापुढचा उभा चढ

मी पडेगावातल्या मंजुषाच्या फाटकापुढचा चढ बोलतोय. काल रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. तिची सहा वर्षांची लेक सायली घरात चुरुचुरु बोलते, शाळेत तोंडच उघडत नाही. आज संध्याकाळी तिच्या वर्गाच्या राहत मॅडम घरी येणार. त्यांच्याशीही बोलली नाही, तर पहिलीत न घालता आणखी एक वर्ष केजीतच ठेवणार. म्हणून मंजुषा सकाळपासून येरझाऱ्या घालतेय. माझ्याच अंगावरून.

माझा जन्म हट्टातून झाला. डांबर पडलं की रस्ता वर येतो, म्हणून तिच्या सासऱ्यांनी, रामकिसनआप्पांनी, जोतं लई उंच घेतलं. पुढं चढाला जागा उरली थोडकी.

"आप्पा, ये चढ नै, घसरगुंडी हो जाईंगी," कमरोद्दीन मिस्त्री म्हणाले.

"होऊ द्या. पाणी तर घरात येत नाय!"

तेव्हापासून सिलिंडरवाला मला शिव्या घालतो, स्कूटी माझ्यावर बंद पडते. पाय घसरू नये म्हणून पाडलेल्या रेघाही झिजल्या. थकलो बुवा.

दुपारी मायलेकी दारात बसल्या. मॅडमनी वाक्यासाठी शब्द दिला होता, 'स्टीप'.

"स्टीप म्हणजे उंच. कर वाक्य."

"पप्पा इज स्टीप."

मंजुषा हसली, मग तिलाच शंका आली. एमएस्सी झालीय, पण इंग्रजी म्हटलं की आवाज बसतो. तिनं मोबाइलवर पाहिलं.

"चुकलं गं माझं. उंच नाही, उभा. चढ नाहीतर उतार एकदम उभा असला, की तो स्टीप. माणसाला नाही म्हणत. हा बघ, आपल्या दारातला."

सायलीनं मला नीट न्याहाळलं. शिवी सोडून माझ्यासाठी दुसरा शब्द आहे, हे मला आजच कळलं.

"म्हण आता."

सायली वाक्य न करताच आत पळाली.

मग मॅडम येणार म्हणून मंजुषानं मला साबणानं घासलं, वर बादलीभर पाणी मारलं. अगं बाई, पाहुणा यायच्या आधी उभ्या चढाला ओलं करू नये! पण माझं ऐकतंय कोण?

मॅडमची स्कूटी आली.

"या ना, गाडी वरच घ्या," मंजुषानं आग्रह केला. पुढचं चाक माझ्यावर चढलं.

"नो, मॅडम! इट इज स्टीप!" सायली किंचाळली.

चाक थांबलं. मॅडम बघतच राहिल्या. मंजुषाचे डोळे भरून आले. पोरगी मात्र आता थांबेना.

"आणि ओला पण आहे! मम्मीनं तुमच्यासाठी धुतलाय, रोज नाय धूत!"