चार स्क्रूची कडी

लातूरला खोली घेतली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी दाराची आतली कडी काढून टाकली. माझी लेक अंबिका क्लासला गेली होती. मी पेचकस घेऊन स्टुलावर चढले आणि दहा मिनिटांत चारही स्क्रू हातात. मला सवयच आहे. लग्न होऊन निलंग्याला आले तेव्हा सासरचीही काढली होती. सासूबाईंनी महिनाभर तोंड वाकडं केलं, मग दाराला आतून तांदळाचं पोतं टेकवून झोपायला लागल्या.

लेकीला डॉक्टर करायचं म्हणून इथं माझ्यासारख्या कितीतरी आया संसार सोडून येऊन बसल्यात. एक खोली, एक गॅस, एक पोरगी. आमच्या खोलीला एकच खिडकी. ती उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, हात लावता येईल एवढ्यावर. दर रविवारी टेस्ट, सोमवारी मोबाइलवर नंबर. अंबिकाचा नंबर दिवाळीनंतर घसरत चालला होता.

"आई, पेपर हातात आला की छातीत धडधडायलंय," ती म्हणायची.

"काही होत न्हाई. दोन घास खा."

हे वाक्य माझ्या तोंडात कायमचं ठेवलेलं. ताप आला, काही होत नाही. नवऱ्याचं दुकान बुडालं, काही होत नाही. पोरगी थोडा वेळ माझ्याकडे बघायची आणि पुस्तकात तोंड घालायची.

कडीचं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. जिन्यावरून सारखी ये-जा, वाऱ्यानं दार उघडतं, लक्ष लागत नाही. मी ठोकून दिलं की कडी तुटकी होती, घरमालकिणीला सांगितलंय. मार्चमध्ये घरमालकीण महानंदा पाण्याची वेळ सांगायला वर आली, तर अंबिकानं तिलाच गाठलं. "काकू, कडी कधी बसवताव?"

"कडी? नवी बसवून दिलती की." महानंदानं दाराची चार भोकं बघितली, मग मला बघितलं आणि मान हलवली. "बरं केलं ताई. आजकाल पोरींना कडी लावून एकटं बसू द्यायचे दिवस न्हाईत. पलीकडच्या होस्टेलात तर पंखेबी काढले म्हणं."

ती गेली. अंबिकानं दाराच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"तुला वाटायलंय मी जिवाचं काही करून घेईन?"

खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणाले, "तसं न्हाई गं. हवा येती म्हणून काढली."

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. दहा बाय दहाच्या खोलीत न बोलणारं माणूस म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. तिनं कूस बदलली तरी मला जाग यायची, मी खोकले तरी तिचा पेन थांबायचा. मला तिचा राग येत होता आणि माझा त्याहून जास्त. रविवारी ती टेस्टला गेलीच नाही. सकाळी उठून बॅग भरायला घेतली.

"मी निलंग्याला चालले. परीक्षा देणार न्हाई. भ्या वाटतं म्हणलं तर तू ऐकून घेत न्हाईस, वरून पहारा द्यायलीस. मला इथं कोंडल्यासारखं होतंय."

कोंडल्यासारखं. तो शब्द ऐकून मी तिची बॅग धरली. परीक्षेला पाच आठवडे होते, पण तेव्हा मला परीक्षा दिसत नव्हती. पोरगी माझ्या हातून निघून जात होती, आणि माझ्या लबाडीमुळे जात होती.

"बस," मी म्हणाले. "कडी तुझ्यासाठी काढली न्हाई. माझ्यासाठी काढली. आतली असो का बाहेरची, कडी लावलेलं दार मला सोसत न्हाई."

मग सांगितलं. किल्लारीजवळचं आमचं गाव. मी अकरा वर्षांची, धाकटा भाऊ सोमेश सहाचा. गणपती विसर्जनाची रात्र. आप्पा मिरवणुकीत, आई दमून झोपलेली. सोमेश माझ्या मागं पळत येईल म्हणून मी बाहेरून कडी घातली आणि गेले. परत आले तर डोळे मिटत होते. शेजारी काकूच्या पत्र्याच्या खोलीत आडवी झाले. कडी काढायची राहून गेली. पहाटे भूकंप झाला.

"दगडामातीचं घर, सगळं खाली आलं. दाराची चौकट तेवढी उभी होती," मी म्हणाले. "तिला कडी तशीच लावलेली."

अंबिका बॅगेजवळच खाली बसली. तिचं नाव माझ्या आईचं, आई आणि सोमेश भूकंपात गेले, एवढं तिला माहीत होतं. कडी मी घातली होती हे माझ्या आप्पांनासुद्धा माहीत नव्हतं.

"कडी नसती तर वाचले असते?"

"म्हाईत न्हाई. पंचवीस वर्सं झाली, म्हाईत न्हाई."

काही होत नाही, असं मी तिला सांगत आले होते, पण ऐकवत होते मलाच. जे व्हायचं ते माझ्या बाबतीत कधीच होऊन गेलं होतं आणि मी अजून त्या दाराबाहेर उभी होते. हे माझं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि कळल्यावर मी रडले. पोरीसमोर, चांगली हुंदके देऊन.

तिनं मला गप्प केलं नाही. रडणं थांबल्यावर विचारलं, "स्क्रू कुठंयत?"

मोहरीच्या डब्यात होते, कडीही तिथंच. ती स्टुलावर चढली आणि तिनं कडी बसवली. मी खाली स्टूल धरून उभी राहिले.

"हुकलेला पेपर आता इथंच सोडवते," ती म्हणाली. "तीन तास. तू आतच बस."

तिनं कडी लावली. ती मोबाइलवर वेळ लावून पेपरला बसली, मी भिंतीला टेकले. अर्धा तास मी नुसती कडीकडे बघत होते. दार तीनच पावलांवर होतं.

"भ्या वाटायलंय का?" तिनं वर न बघता विचारलं.

जुनं वाक्य जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

"हाव," मी म्हणाले. "लई."

"मला बी," अंबिका म्हणाली आणि तिनं पान उलटलं.

अडीच तास उरले होते. मी कडी काढायला उठले नाही.